हातात दिलेला कुंचा

बेनामोरा
८ मार्च १९८७

चि. फेर्मिन यास,
कासिल्दाताईचे भरभरून आशीर्वाद. रोसेरला आणि तुमच्या लेकीला, गेम्मालाही.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. सात महिन्यांनी दोन पानं लिहिलीस आणि त्यातलं दीड पान पाहुण्यांचं. तुझा रक्तदाब कसा आहे, रोसेरची पाठ काय म्हणते, गेम्माचं लग्न कुठवर आलं, यावर सगळ्या मिळून चार ओळी. सख्ख्या बहिणीला लिहितोयस की खाणावळीच्या बाईला, असं क्षणभर वाटलं मला. असो. लिहिलंस हेच पुष्कळ.

पाहुण्यांची काळजी नको. ईस्टरच्या आठवड्यात खुशाल येऊ देत. हॉलंडची माणसं खातात काय तेवढं मात्र कळव. समोरच्या सिरियाकाला विचारलं, तर ती ठामपणे म्हणाली की बटाटे आणि लोणी. पण ती बाई आयुष्यात मालागापलीकडे गेलेली नाही, तेव्हा तिच्या सांगण्यावर मी किती विसंबायचं? मी आपली चण्याचा रस्सा, लसणावर परतलेला पावाचा चुरा आणि शेळीचं चीज एवढ्यावर भिस्त ठेवणार आहे. इतकी वर्षं गावाने तेच खाल्लं, कुणी मेलं नाही.

तू लिहितोस की यंदा घराला चुन्याचे दोनाऐवजी तीन हात दे, आणि मे महिन्याची वाट न बघता ईस्टरच्या आधीच दे. बाबा रे, मी बासष्ट वर्षांची झाले आणि शिडी माझ्याहून मोठी आहे. पण देते. चुनेवाला रोसेंदो परवा येऊन गेला, कळीचा चुना घेऊन ठेवलाय. रांजणात विरवायला टाकला तेव्हा असा खदखदला की मांजर दोन दिवस अंगणात फिरकलं नाही. थोडी नीळ घालीन, म्हणजे पांढरा कसा झळझळीत दिसतो. तुझ्या मित्रांनी हॉलंडला परत जाऊन तुझ्या बहिणीचं नाव काढलं पाहिजे.

तू मागितलेला घराचा कागद आईच्या पेटीत तळाशी सापडला, तो सोबत पाठवला आहे. छपरासाठी सरकारातून मदत मिळणार असेल तर बघ बाबा, मागच्या खोलीत यंदा फार ओल धरली. कागदावर तुझं नाव बघून ते दिवस आठवले. आई गेली, तिला खाली अंगणात ठेवलं होतं आणि तू माझा हात धरून म्हणालास, "ताई, कागद कुणाच्याही नावावर होवो, तू आहेस तोवर या घराची मालकीण तूच." दुसऱ्या दिवशी नोटरीचा कारकून मला म्हणत होता की बाई, सही करायच्या आधी वाचून तरी बघा. मी त्यालाच झापलं. माझ्या भावाने काय लिहिलंय ते मी वाचायचं म्हणजे काय, असं म्हणाले. या अकरा वर्षांत तुझ्या त्या एका वाक्याच्या जिवावर मी निवांत झोपले आहे.

तूही ये ना रे त्यांच्याबरोबर. सहा वर्षं झाली. लोभ असू दे असं वेगळं लिहीत नाही, तो आहेच.

तुझी,
ताई


सबादेल
२१ मार्च १९८७

ति. कासिल्दाताईस,
धाकट्या फेर्मिनचा साष्टांग नमस्कार.

पत्र आणि कागद दोन्ही मिळाले. पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. खाणावळीच्या बाईपाशी आल्यावर गेम्मा हसून हसून लाल झाली. तुझा टोमणा मान्य. माझा रक्तदाब बरा आहे, रोसेरची पाठ तशीच आहे, आणि गेम्माचं लग्न सप्टेंबरात धरलंय. गिरणीचं मात्र काही खरं नाही. निम्मे माग उतरवले, उरलेले उन्हाळ्यापर्यंत टिकले तर टिकले.

मला यायला जमेल असं वाटत नाही. पाहुण्यांची नावं योप आणि विलेमाइन. सभ्य माणसं आहेत. त्यांना आपली पांढरी गावं फार आवडतात, सगळ्या खोल्या दाखव, माळाही दाखव. फोटो काढतील, काढू दे. अंगण मोजताना दिसले तरी नवल वाटून घेऊ नकोस, त्यांच्याकडे तशी हौस असते. मागच्या खोलीतल्या ओलीविषयी मात्र त्यांच्यापाशी बोलू नकोस. चार दिवसांसाठी आलेल्या माणसांचा उगाच कशाला विरस?

आणखी एक. माळ्यावरचं जुनं सामान, बाबांचे विळे-फावडी, आईचा पलंग, हे आता कुणा गरजवंताला देऊन टाकलंस तर बरं. घर मोकळं दिसतं. आणि तुलाही वयाप्रमाणे पसारा कमी झालेला चांगला.

तू एकटीने तिथे किती दिवस काढायचे, याचाही आम्ही विचार करतो. हिवाळ्यात इकडे येऊन राहायला काय हरकत आहे? रोसेर स्वतः म्हणत होती. विचार कर.

तुझ्या आशीर्वादाचा भुकेला,
फेर्मिन


बेनामोरा
२२ एप्रिल १९८७

चि. फेर्मिन यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझे पाहुणे काल सकाळच्या बसने गेले आणि मी आज पाय वर करून बसले आहे. बसल्या बसल्या तुला सगळं सांगते, कारण तू असतास तर पोट धरून हसला असतास.

आधी खाण्याचं. दोघेही सगळं खातात. योप तर पावाचा चुरा तिसऱ्यांदा मागून घेत होता. सिरियाकाला मी खिडकीतून हाका मारून तिचं लोणी आणि बटाटे तिला परत केले. विलेमाइनला आपली भाषा बरी येते, पण लहान मुलीसारखी बोलते. पहिल्याच दिवशी मला म्हणाली की तुमचं घर फार गोड आहे, मला ते खावंसं वाटतं. मी म्हटलं, भिंती सोडून काय हवं ते खा.

सगळ्या खोल्या दाखवल्या. माळा दाखवला. आईचा पलंग सोडून बाकीचं तुझ्या सांगण्याप्रमाणे देऊन टाकलं होतं, पलंग मात्र माझ्याच्याने देववला नाही. योपने अंगण मोजलं, विहीर मोजली, मागची भिंत ठोकून पाहिली. ओलीचं मी सांगितलं हं. तू नको म्हणाला होतास, पण ती बाई भिंतीवर हात ठेवून विचारत होती आणि मला तिच्या तोंडावर खोटं बोलवेना. ती म्हणाली की काही हरकत नाही, आम्ही करून घेऊ. मला वाटलं भाषेची चूक असेल.

आता खरी गंमत ऐक. मागच्या दोन भिंतींचे तीन हात देऊन झाले होते, दर्शनी भिंतीचा तिसरा हात तेवढा राहिला होता. शनिवारी सकाळी काठीला कुंचा बांधून मी सुरू केलं. विलेमाइन तासभर उभी राहून बघत होती. डोळ्यांत अशी आशा की जत्रेतलं पोर. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी काठीचा कुंचा सोडला आणि दाराच्या चौकटीपाशी तिच्या हातात दिला. म्हटलं, घे, मार चार फटकारे. तिने डाव्या बाजूची अख्खी पट्टी काढली, अर्धा चुना स्वतःच्या अंगावर घेतला, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

हसता हसता वळून बघते तर सगळी आळी दारात. कुणी हसत नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तुला आठवतंय ना, आजीने लग्नानंतर आईच्या हातात कुंचा दिला त्याची गोष्ट आई कशी सांगायची? चौकटीपाशी कुंचा हातात दिला की घर दिलं, मग जुनीने उंबऱ्याच्या आत विचारून यायचं. आईने मला दिला तो आजारपणात, खाटेवर बसून, तरी शेजारणींना साक्षीला बोलावून दिला. आणि मी वेडी तो एका परदेशी बाईला गंमत म्हणून देऊन बसले. मी आळीकडे बघून हात जोडले आणि म्हटलं, अगं बायांनो, पाहुणी आहे ती, खेळ चाललाय आमचा. एकेक जण आत निघून गेला.

पण संध्याकाळपासून लोक विचित्रच वागायला लागले. भटारखान्यातल्या पुरीबाईने हात दाबून सांगितलं की सुखात राहा. म्हाताऱ्या आनिसेतोने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला की तुम्ही फार मोठ्या मनाने केलंत. मला वाटलं पाहुणचाराचं कौतुक. सिरियाका मात्र चार दिवस माझ्याशी बोललेली नाही. दार उघडं असलं की मला बघून लावून घेते. काय बिनसलंय देव जाणे, मी तिची लोणी-बटाट्यावरून चेष्टा केली ती तिला लागली असावी. आज चीज घेऊन जाते तिच्याकडे.

हिवाळ्यात तुमच्याकडे यायचं म्हणतोस, तर आठ दिवस येईन, गेम्माच्या लग्नाला. त्याहून जास्त मला तुमच्या त्या पाचव्या मजल्यावर राहवणार नाही. इथे मला माझ्या दारात खुर्ची टाकून बसायची सवय.

तुमची सर्वांची,
ताई


सबादेल
४ मे १९८७

ति. ताईस,
नमस्कार.

घाईत लिहितो आहे. पाहुणे अगदी खूश होऊन परतले, तुझं नाव घेताना थकत नाहीत. कुंच्याची हकिकत वाचली. ताई, तू दिलास ते फार चांगलं केलंस. मला मोठाच धीर आला. सविस्तर पुढे सवडीने लिहीन.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तू इकडे यावंस असं आमच्या मनात आहे. तिकीट पाठवतो. येताना थंडीचे कपडेही आण, ट्रंकेत मावतील तेवढे सगळेच आण. गेम्माची खोली तुझ्यासाठी रिकामी करतो आहोत.

गावच्या गुत्त्यावर फोन करून तुला बोलावलं होतं, तू आली नाहीस म्हणे. पुन्हा करीन.

तुझा,
फेर्मिन


हार्लेम
१४ मे १९८७

आदरणीय कासिल्दाबाई,
तुम्हाला दुरून प्रेमाचा नमस्कार.

माझी भाषा लहान आहे, चुका माफ करा. आम्ही नोटरीचे सगळे कागद केले. जूनच्या चौदा तारखेला किल्ल्या घ्यायला येतो. तुमचे भाऊ म्हणाले की त्याआधी तुम्ही त्यांच्याकडे कायमच्या राहायला जाणार. तुम्ही आता थकलात, मोठं घर नको वाटतं, आणि ही तुमचीच इच्छा आहे, असं त्यांनी जानेवारीत पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. तरी मला भीती होती. घर विकणाऱ्या घरातल्या बाईच्या तोंडाकडे बघायला मला लाज वाटते. पण तुम्ही पहिल्या दिवसापासून इतक्या आनंदात होता की माझी भीती गेली.

तुम्ही माझ्या हातात कुंचा दिलात तेव्हा मला वाटलं खेळ आहे. दुसऱ्या दिवशी टोपीवाल्या आजोबांनी मला त्याचा अर्थ सांगितला. मी वर जाऊन रडले. पैसे देऊन घर मिळतं, पण असं कुणी देत नाही. मी ते विसरणार नाही.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. चुन्याचा रांजण तुम्ही बरोबर नेणार का? आणि तुमच्या आईचा पलंग राहिला तर आम्ही तो नीट ठेवू, की भाऊ मागवून घेणार?

तुमची स्नेही,
विलेमाइन


बेनामोरा
२४ मे १९८७

फेर्मिन,

आज आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

हॉलंडच्या बाईचं पत्र सोबत पाठवत नाही, ते माझ्यापाशी राहील. त्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे. मी ते ओट्यावर बसून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग मला वाटलं की तिची भाषा कच्ची आहे, मलाच नीट कळलं नसेल. म्हणून ते घेऊन मी सिरियाकाकडे गेले. तिने दार उघडलं नाही. मी खिडकीतून कागद आत टाकला आणि वाट बघत उभी राहिले. थोड्या वेळाने ती बाहेर आली ती रडतच. तिने सांगितलं की फेब्रुवारीतच गुत्त्यावर बातमी पोचली होती की फेर्मिन घर विकतोय. सगळ्यांना माहीत होतं. मला माहीत नसेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मीच आपणहून कधी सांगते याची ते वाट बघत होते. आणि मी काय केलं, तर शनिवारी सकाळी भर आळीत चौकटीपाशी कुंचा देऊन मोकळी झाले. सिरियाकाचा राग एवढाच होता की चाळीस वर्षांच्या शेजारणीला मी एका शब्दाने सांगितलं नाही. तिला वाटलं मी तिला फसवलं. बघ, तुझं पाप माझ्या नावावर गेलं.

मी भिंतीला चुना लावत होते आणि तू मला. तीन हात. दर हाताला माझे गुडघे कसे दुखायचे आणि मी मनात म्हणायची की माझ्या फेर्मिनच्या मित्रांसमोर घर उजळ दिसलं पाहिजे. घराचा कागद मीच शोधला, मीच पाकिटात घातला, त्याचं तिकीटही मीच लावलं. बाबांची फावडी मी माझ्या हाताने वाटली. ज्यांना तू माझं घर विकलंस त्यांना मी अंगण मोजताना टेपचं दुसरं टोक धरून दिलं. अरे, मला आंधळी करून माझ्याच हाताने माझं थडगं सारवून घेतलंस तू.

तू विकलंस याचा राग आहे, पण तो दुसरा. कागद तुझा होता. तू आला असतास, या ओट्यावर बसून म्हणाला असतास की ताई, माझं भागत नाही, मला घर विकावं लागतंय, तर मी रडले असते, तुला चार शिव्या घातल्या असत्या आणि मग ट्रंक भरली असती. तुझ्यासाठी मी काय दिलं नाही? रोसेंदो दोनदा मागणी घालून गेला तेव्हा आई अंथरुणावर होती आणि तू बार्सिलोनाला. मी नाही म्हणाले आणि पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही. तुला एवढंही वाटलं नाही की या बाईला खरं सांगितलं तर ती समजून घेईल?

मला उत्तर हवं आहे. फोन करू नकोस, गुत्त्यावर उभी राहून मला रडायचं नाही. लिही.

कासिल्दा


सबादेल
३ जून १९८७

ति. ताईस,
गुन्हेगार भावाचा नमस्कार.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. रोसेरने वाचून ते माझ्यापुढे आपटलं. तिलाही मी सांगितलं होतं की ताईची संमती आहे.

ताई, गिरणी जूनअखेर बंद. सत्तावन्नाव्या वर्षी मला कोण काम देणार? गेम्माच्या लग्नाचं ठरलेलं, त्यांना राहायला जागा नाही. जानेवारीत या लोकांची गाठ पडली आणि मी शब्द देऊन बसलो. तुला लिहायला रोज बसायचो. पहिली ओळ लिहायचो आणि कागद फाडायचो. मग वाटलं, तू त्या माणसांना एकदा भेटलीस, तुला ती आवडली, की सांगणं सोपं जाईल. मग तुझं कुंच्याचं पत्र आलं. खरं सांगतो, मला वाटलं तुला कळलं आहे. तू न बोलता कळवते आहेस, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हसण्यावारी नेते आहेस. सगळ्या आळीदेखत तूच दिलास ना? मी तेवढंच धरून बसलो. तुला माहीत नव्हतं हे मला आतून ठाऊक होतं, हेही कबूल करतो.

आता झालं ते झालं. तू इकडे ये. खोली तयार आहे, खिडकीतून झाड दिसतं. आई असती तर तिने आपल्याला असं तुटू दिलं नसतं. आणि घर गेलं म्हणून गाव थोडंच जातं? शेवटी मला यायचं आहे ते तिथेच. आई-बाबांच्या शेजारचे शवपेटी ठेवायचे दोन कप्पे आहेत दफनभूमीच्या त्या भिंतीत, एक तुझा, एक माझा. दर नोव्हेंबरात तू माझाही पांढरा करून ठेवतेस. इथल्या या सिमेंटात मला पुरू नका, असं मी गेम्माला आत्ताच सांगून ठेवलंय. त्या जागेचा विचार केला की मला शांत वाटतं. तेवढ्यासाठी तरी मला क्षमा कर.

तुझा अभागी,
फेर्मिन


बेनामोरा
५ जुलै १९८७

श्री. फेर्मिन रुएदा मोंतेस यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. उत्तराला महिना लागला, कारण काही कामं आधी उरकायची होती.

किल्ल्या मी चौदा तारखेला ठरल्याप्रमाणे दिल्या. विलेमाइनबाईंना त्याच दिवशी खरं कळलं, मी सांगितलं नाही, सिरियाकाने सांगितलं. त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या की व्यवहार मोडू, तुम्ही राहा. मी नको म्हटलं. एकदा दिलेला कुंचा परत घ्यायची आमच्या आळीत रीत नाही. त्यांचा काही दोषही नाही. मी त्यांना चुना विरवायला शिकवला आणि रांजण त्यांच्याकडेच ठेवला. आईचा पलंग चार माणसांनी उचलून रस्त्यापलीकडे नेला. मी सिरियाकाच्या पुढच्या खोलीत राहते. तिने मला कधी आणि किती दिवस असं काही विचारलं नाही, नुसता कपाटातला एक खण रिकामा केला.

तुमच्या तिकिटाचा उपयोग झाला नाही, ते परत पाठवते आहे. गेम्माला माझ्याकडून आईच्या कानातले डूल. तिचं यात काही चुकलेलं नाही, तिला माझे आशीर्वाद आहेत आणि राहतील. रोसेरवर माझा राग नाही.

आता तुम्ही लिहिलेल्या जागेविषयी. घर तुमच्या नावावर होतं तसे ते कप्पे माझ्या नावावर आहेत. बाबा गेले तेव्हा तुम्ही बार्सिलोनाला होता, म्हणून आईने कागद माझ्या नावाने केला, हे तुमच्या लक्षात राहिलेलं दिसत नाही. माझ्या मालकीचं या जगात तेवढंच होतं. सिरियाकाचा नवरा भिंतीत जागा नाही म्हणून मातीत पुरला, आणि दहा वर्षांनी त्याची हाडं काढून सामाईक खड्ड्यात टाकली, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून ती बाई स्वतःच्या हाडांची काळजी करत जगते. तर परवा मी तिला घेऊन नगरपालिकेत गेले आणि तुमचा कप्पा तिच्या नावावर करून दिला. कारकुनाने दोनदा विचारलं की बाई, वाचून बघितलंत ना? मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं, आणि मगच सही केली. हे मी मागून तुमच्या कानावर येऊ दिलं नाही, स्वतः लिहून कळवते आहे, एवढा फरक ध्यानात घ्यावा.

म्हणजे आई-बाबांच्या शेजारी मी, आणि माझ्या शेजारी सिरियाका. त्या ओळीत आता जागा नाही.

तरी गावाची आठवण आली तर जरूर या. विलेमाइनबाई वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणार आहेत, दारावर पाटीही लागली आहे. आधी पत्र टाकून विचारा, त्या कुणाला नाही म्हणत नाहीत. आमचं गाव बघायला हल्ली लांबून लांबून लोक येतात. त्यांना ते फार आवडतं म्हणे.

कळावे.
कासिल्दा रुएदा मोंतेस